एक्सेलच्या यादीत कोडने चेकबॉक्स कसे टाकायचे? खूण आणि हिशोब दोन्ही जुळले पाहिजेत

सोसायटीचा मेंटेनन्स, क्लासमधली हजेरी, भिशीचे हप्ते, आमंत्रणांची यादी. या सगळ्या याद्यांना एकच गोष्ट हवी असते: प्रत्येक नावासमोर एक चौकोन, आणि काम झालं की त्यात बरोबरची खूण. एक्सेलमध्ये हा चौकोन म्हणजे चेकबॉक्स. एक टाकणं सोपं आहे. पण चाळीस टाकायची वेळ आली की बहुतेक जण पहिला तयार करतात आणि उरलेले कॉपी-पेस्ट करतात. गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिल्या चेकबॉक्सला तुम्ही एखादा सेल जोडला असेल, तर कॉपी केलेले सगळे त्याच सेलला जोडलेले राहतात. पाच नंबरच्या फ्लॅटसमोर क्लिक केलं की चाळीसही चौकोनांत खूण येते. आणि सेल जोडलाच नसेल, तर खुणा वेगवेगळ्या होतात, पण एकही सूत्र त्या मोजू शकत नाही. पडद्यावर सत्तावीस खुणा दिसतात आणि खालची बेरीज मात्र शून्यच राहते. यादी पैशांची असेल तर हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. कोणी पैसे भरले आणि कोणी नाही, यावरून भांडण होऊ शकतं.

म्हणून आज आपण हे काम कोडने कसं करायचं ते बघू. वेळ तर वाचतोच, पण खरा फायदा असा, की प्रत्येक चेकबॉक्स न चुकता त्याच्याच ओळीशी जोडला जातो.

आधी हे समजून घ्या: चौकोन वेगळा, सेल वेगळा

चेकबॉक्स सेलच्या आत नसतो. तो शीटवर ठेवलेल्या चित्रासारखा वर तरंगत असतो. आपल्याला तो डी कॉलममध्ये बसलेला दिसतो, पण एक्सेलच्या दृष्टीने त्याचा खालच्या सेलशी काहीही संबंध नाही. संबंध आपण जोडावा लागतो. त्यासाठीची प्रॉपर्टी म्हणजे ‘लिंक्ड सेल’.

ही जोडणी केली की चौकोनात खूण केल्यावर त्या सेलमध्ये ‘ट्रू’ येतं आणि खूण काढली की ‘फॉल्स’. उलटंही चालतं. सेलमध्ये हाताने ‘ट्रू’ लिहिलं तर चौकोनात आपोआप खूण येते.

म्हणजे खरी नोंद सेलमध्ये आहे. चौकोन हा त्या नोंदीचा चेहरा. चौकोन पुसला गेला तर नवा काढता येतो, सेल पुसला तर माहितीच गेली. पुढचा सगळा कोड याच एका गोष्टीवर उभा आहे.

फॉर्म कंट्रोल घ्यायचा की ॲक्टिव्हएक्स?

डेव्हलपर टॅबवर ‘इन्सर्ट’ दाबलं की दोन गट दिसतात. वर फॉर्म कंट्रोल, खाली ॲक्टिव्हएक्स. दोन्हीकडे चेकबॉक्स आहे, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो.

आपल्या कामासाठी फॉर्म कंट्रोल घ्या. ते एक्सेलमध्ये जुने आहेत, साधे आहेत आणि मॅकवरही चालतात. ॲक्टिव्हएक्समध्ये रंग, फॉन्ट, घटना अशा सोयी जास्त, पण मॅकवर ते चालत नाहीत. शिवाय डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक संगणकांवर ॲक्टिव्हएक्सची बटणं अचानक मुकी झाली होती. आणि ऑफिस २०२४ पासून तर ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद अवस्थेत येतं. दहा जणांना पाठवायच्या फाइलमध्ये ते कशाला?

तयारी

उदाहरण म्हणून चाळीस फ्लॅटच्या सोसायटीची यादी घेऊ. पहिल्या ओळीत शीर्षकं. ए कॉलममध्ये फ्लॅट नंबर, बीमध्ये सदस्याचं नाव, सीमध्ये रक्कम, डीमध्ये ‘भरले का?’ आणि ईमध्ये भरल्याची तारीख. माहिती दुसऱ्या ओळीपासून.

१. डेव्हलपर टॅब दिसत नसेल तर फाइल, मग ऑप्शन्स, मग ‘कस्टमाइझ रिबन’ इथे जाऊन डेव्हलपरसमोर खूण करा.

२. फाइल ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ या प्रकारात सेव्ह करा. साध्या प्रकारात सेव्ह केली तर कोड फाइलमध्ये राहत नाही.

३. ऑल्ट आणि एफ ११ एकत्र दाबा. व्हीबीए एडिटर उघडेल. तिथे इन्सर्ट मेनूतून ‘मॉड्यूल’ घ्या. कोड इथे लिहायचा.

खाली कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहायची. स्पेलिंगची भीती वाटत असेल तर एक युक्ती आहे. सुरुवातीलाच व्हेरिएबल जाहीर करा: एक ‘वर्कशीट’ प्रकारचा, एक ‘रेंज’ प्रकारचा आणि एक ‘शेप’ प्रकारचा. मग त्या व्हेरिएबलच्या नावापुढे टिंब दिलं की एडिटर पुढच्या शब्दांची यादी स्वतःच दाखवतो. नुसतं ‘ॲक्टिव्हशीट’ लिहून टिंब दिलं तर ही यादी येत नाही.

मॅक्रो: टप्प्याटप्प्याने

पहिला टप्पा, जुने चेकबॉक्स काढा. हा टप्पा बरेच जण गाळतात. मग मॅक्रो दुसऱ्यांदा चालवला की जुन्या चाळीसवर नवे चाळीस बसतात. दिसायला एकच चौकोन, प्रत्यक्षात दोन. म्हणून शीटवरच्या सगळ्या शेपमधून फिरा आणि ज्यांचं नाव आपल्या ठरलेल्या उपसर्गाने सुरू होतं तेवढेच ‘डिलीट’ करा. उपसर्ग काहीही ठेवा, उदाहरणार्थ ‘सीबीएक्स’ आणि त्यापुढे अंडरस्कोर. असं केल्याने सोसायटीचा लोगो किंवा एखादा चार्ट चुकून उडत नाही. फिरताना शेवटच्या शेपपासून पहिल्याकडे, म्हणजे ‘स्टेप उणे १’ घेऊन या. पुढून मागे गेलात तर एक काढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि मधले काही सुटतात.

दुसरा टप्पा, शेवटची ओळ शोधा. चाळीस हा आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नका. उद्या यादी वाढू शकते. ए कॉलमच्या अगदी तळापासून ‘एंड’ आणि ‘एक्सएल-अप’ वापरून वर आलात की शेवटचा भरलेला सेल मिळतो. त्याचा ओळक्रमांक म्हणजे यादीचा शेवट.

तिसरा टप्पा, रिकाम्या सेलमध्ये फॉल्स लिहा. नवीन चेकबॉक्सला जोडलेला सेल पहिल्या क्लिकपर्यंत रिकामाच असतो. तिथे फॉल्स नसतं. त्यामुळे ‘किती जणांचे बाकी आहेत’ हे फॉल्स मोजून काढलं तर उत्तर चुकतं: ज्यांच्या चौकोनाला कोणी हातच लावला नाही ते मोजलेच जात नाहीत. नेमके तेच थकबाकीदार! म्हणून डी कॉलममधल्या प्रत्येक सेलसाठी आधी ‘इझ-एम्प्टी’ने तपासा आणि रिकामा असेल तरच फॉल्स लिहा. ‘तरच’ हा शब्द महत्त्वाचा. सरसकट फॉल्स लिहिलं तर महिन्याच्या मध्ये मॅक्रो पुन्हा चालवल्यावर भरलेल्यांच्या सगळ्या खुणा साफ होतील.

चौथा टप्पा, चेकबॉक्स तयार करा. शीटच्या ‘शेप्स’ संग्रहावर ‘ॲड-फॉर्म-कंट्रोल’ ही आज्ञा असते. तिला पाच गोष्टी द्याव्या लागतात: प्रकार, डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. प्रकार म्हणून ‘एक्सएल-चेकबॉक्स’ द्या. बाकीची मापं अंदाजाने लिहू नका. ती पॉइंटमध्ये असतात, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. त्यापेक्षा त्या सेललाच विचारा. प्रत्येक सेलला स्वतःचे ‘लेफ्ट’, ‘टॉप’, ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ असतात, तेच इथे देऊन टाका.

पाचवा टप्पा, जोडणी करा. तयार झालेल्या शेपचं नाव उपसर्ग आणि ओळक्रमांक जोडून ठेवा. मग त्याच्या ‘कंट्रोल-फॉर्मॅट’मधल्या ‘लिंक्ड-सेल’मध्ये त्याच ओळीतल्या डी सेलचा ‘ॲड्रेस’ लिहा. इथे सेल नाही, सेलचा पत्ता मजकूर म्हणून द्यायचा असतो, हे विसरू नका. चौकोनाशेजारी ‘चेक बॉक्स १’ असं लेबल आपोआप येतं. ते नको असेल तर ‘ओएलई-फॉर्मॅट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘कॅप्शन’ अशी साखळी लिहून तिथे रिकामा मजकूर द्या.

सहावा टप्पा, ट्रू-फॉल्स लपवा. चौकोनाच्या मागे हे शब्द दिसत राहतात. सेलच्या ‘नंबर-फॉर्मॅट’मध्ये लागोपाठ तीन अर्धविराम दिले की शब्द दिसत नाहीत, पण मूल्य तसंच राहतं आणि सूत्रं चालू राहतात.

तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे टप्पे एकाच लूपमध्ये, दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एफ ५ दाबा. चाळीस चौकोन क्षणात हजर.

आता यातली गंमत बघा. मॅक्रोने जुने सगळे चौकोन काढून नवे टाकले तरी खुणा जागच्या जागी राहतात, कारण नवा चौकोन जोडलेल्या सेलमधलं मूल्य वाचून उभा राहतो. मध्येच एखादी ओळ घातली, चौकोन कोणी ओढून वाकडा केला, एखादा चुकून डिलीट झाला, तर दुरुस्ती एकच: मॅक्रो पुन्हा चालवा.

हिशोब

आता सूत्रं सोपी आहेत. किती जणांनी भरले हे ‘काउंटइफ’ने, डी कॉलममध्ये ट्रू मोजून. किती बाकी, तेच सूत्र फॉल्स देऊन. जमा रक्कम ‘समइफ’ने: अट डी कॉलमवर, बेरीज सी कॉलमची. भरलेले आणि बाकी यांची बेरीज एकूण फ्लॅटइतकी येते का, हे एका सेलमध्ये तपासून ठेवा. आली नाही तर कुठेतरी सेल रिकामा आहे किंवा कोणी त्यात भलतंच काही टाईप केलं आहे.

खूण केल्यावर तारीख आपोआप यावी

यासाठी दुसरा छोटा मॅक्रो लिहा आणि प्रत्येक चेकबॉक्सच्या ‘ऑन-ॲक्शन’मध्ये त्याचं नाव द्या. चाळीस चौकोनांना चाळीस मॅक्रो लागत नाहीत. कोणता चौकोन दाबला हे ‘ॲप्लिकेशन डॉट कॉलर’ सांगतो. तो त्या चौकोनाचं नाव देतो.

नावात ओळक्रमांक आहेच, तो कापून वापरू, असं इथे वाटू शकतं. तसं करू नका. मध्ये एक ओळ घातली की खालच्या चौकोनांची नावं जुनीच राहतात आणि तारीख शेजाऱ्याच्या नावावर पडते. त्यापेक्षा त्या चौकोनाच्या लिंक्ड-सेलचा पत्ता वाचा आणि त्यावरून ओळ ठरवा. ओळी सरकल्या की एक्सेल हा पत्ता स्वतः बदलतो. ओळ मिळाली की डीमध्ये ट्रू असेल तर ईमध्ये ‘डेट’ लिहा, नसेल तर ई सेल साफ करा.

तारखेसाठी ‘टुडे’ हे सूत्र मात्र घालू नका. ते रोज बदलतं. पाच तारखेला भरलेले पैसे वीस तारखेला फाइल उघडल्यावर वीस तारखेचे दिसतील. कोडमधून लिहिलेली तारीख तशीच राहते. आणखी एक: मॅक्रोने शीटमध्ये काही बदललं की अनडूची यादी रिकामी होते. कंट्रोल-झेडच्या भरवशावर राहू नका.

ड्रॉपडाउन आणि स्पिनर

ॲड-फॉर्म-कंट्रोल याच आज्ञेत प्रकार बदलला की इतर कंट्रोल मिळतात. ‘एक्सएल-ड्रॉपडाउन’ दिलं की निवडीची पेटी येते. तिच्या ‘लिस्ट-फिल-रेंज’मध्ये पर्यायांच्या सेलचा पत्ता द्यायचा. पण तिच्या लिंक्ड सेलमध्ये पर्यायाचं नाव येत नाही, क्रमांक येतो. यादी ‘रोख, चेक, यूपीआय’ अशी असेल आणि कोणी यूपीआय निवडलं तर सेलमध्ये ३ येतं. नाव हवं असेल तर ‘इंडेक्स’ सूत्राने काढावं लागतं.

यात एक धोका आहे. उद्या तुम्ही यादीत मधेच ‘बँक ट्रान्सफर’ घातलं, तर जुन्या नोंदींमधल्या ३ चा अर्थच बदलतो. म्हणून ओळीओळीतल्या नोंदीसाठी फॉर्म ड्रॉपडाउनऐवजी ‘डेटा व्हॅलिडेशन’ची यादी वापरा. तीही कोडने लावता येते आणि सेलमध्ये सरळ मजकूर ठेवते. फॉर्म ड्रॉपडाउन शीटच्या वर एकच, म्हणजे महिना निवडायला वगैरे, चांगला.

‘एक्सएल-स्पिनर’ने वर-खाली बाण येतात. त्याला ‘मिन’, ‘मॅक्स’ आणि ‘स्मॉल-चेंज’ द्यायचे. तो फक्त पूर्णांक देतो, शून्य ते ३०,००० मधले. अर्ध्या टक्क्याच्या टप्प्याने व्याजदर बदलायचा असेल तर लिंक्ड सेल बाजूला ठेवा आणि दुसऱ्या सेलमध्ये त्याला २ ने भागा.

मराठी मजकूर कोडमध्ये प्रश्नचिन्हं का होतो?

व्हीबीए एडिटर जुना आहे, त्याला देवनागरी कळत नाही. तिथे ‘भरले’ असं लिहिलं की पुढ्यात प्रश्नचिन्हांची रांग येते. शीटला मात्र मराठी नीट येतं. म्हणून मराठी शब्द शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये लिहा आणि कोडमधून त्या सेलचं मूल्य वाचून वापरा. मॅक्रोची आणि कंट्रोलची नावं इंग्रजीतच ठेवा.

फाइल दुसऱ्याला देण्याआधी

मॅक्रो चालवण्यापूर्वी फिल्टर काढा. लपलेल्या ओळीची उंची शून्य असते, त्यामुळे तिथले चौकोन चपटे होऊन एकमेकांवर बसतात. यादी सॉर्ट करताना डी आणि ई कॉलमही निवडीत आहेत याची खात्री करा. ते बाहेर राहिले तर नावं सरकतील आणि खुणा जागीच राहतील, म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर.

शीटला पासवर्ड लावणार असाल तर जोडलेले सेल आणि तारखेचा कॉलम आधी ‘अनलॉक’ करा, नाहीतर क्लिक केल्यावर एरर येईल. नवे चौकोन टाकणारा मॅक्रो चालवताना संरक्षण तात्पुरतं काढावं लागेल.

मेलवरून किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधले मॅक्रो एक्सेल २०२२ पासून थेट अडवतं, वर लाल पट्टी येते. घेणाऱ्याने फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करायची. हे फक्त ओळखीच्या माणसाकडून आलेल्या, अपेक्षित फाइललाच करावं, हेही त्यांना सांगा. आणि मोबाईलवर किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत.

कोड लागतोच का?

नेहमी नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२४ पासून इन्सर्ट टॅबवर सेलच्या आत बसणारा चेकबॉक्स आला आहे. तो वर तरंगत नाही, सेलचाच भाग असतो, त्यामुळे कॉपी केला तरी प्रत्येकाचं मूल्य वेगळं राहतं. गूगल शीट्समध्ये अशी सोय २०१८ पासून आहे, आणि तिथल्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये ‘इन्सर्ट-चेकबॉक्सेस’ ही एकच आज्ञा पूर्ण कॉलमला पुरते. तिथे देवनागरीही थेट लिहिता येते. कमिटीतले सगळे जण फोनवरूनच यादी बघणार असतील तर गूगल शीट्स जास्त सोयीचं.

पण ऑफिसात किंवा सोसायटीच्या संगणकावर जुनं एक्सेल असेल, आणि अशी ठिकाणं भरपूर आहेत, तर वरचा मॅक्रोच कामाला येतो. पहिल्यांदा खऱ्या यादीवर चालवू नका. फाइलची एक प्रत काढा, तिच्यात चार-पाच ओळी ठेवा, एकेक चौकोन दाबा आणि त्याच ओळीतला सेल, तीच तारीख आणि खालची बेरीज बदलते का ते बघा. मध्ये एक ओळ घाला, सॉर्ट करून बघा, मॅक्रो परत चालवा. एवढ्यातून आकडे बरोबर निघाले की मग खरी यादी त्याच्या हवाली करायला हरकत नाही.